यंत्राचा श्वास केव्हा सोडवावा?

अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेले नातेवाईक डॉक्टरांना जे प्रश्न विचारतात, त्यांत एक प्रश्न हटकून असतो. ‘साहेब, मशीन कधी काढणार?’ पहिल्या दिवशी हाच प्रश्न ‘मशीन लावल्यावर माणूस वाचतो ना?’ असा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचे रूप पालटते. घरी म्हैस बांधलेली असते, शेतावर कोणी नसते, औषधांच्या दुकानातील बिलांची चळत वाढत असते. विचारणाऱ्याला वाटते, की डॉक्टरांना उत्तर ठाऊक आहे आणि ते सांगत नाहीत. खरे पाहता पुष्कळदा डॉक्टरने तो प्रश्न त्या दिवशी स्वतःला विचारलेलाच नसतो. प्रस्तुत लेख ह्या एका प्रश्नापुरता आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्यात आकडे दिले आहेत. अन्य शाखांच्या वाचकांनी ते ओलांडून पुढे गेल्यास धागा तुटणार नाही.

ह्या क्रियेला इंग्रजीत ‘वीनिंग’ म्हणतात. शब्द मुळात तान्ह्या मुलाचा आहे. आपण ‘मूल अंगावरून तोडणे’ म्हणतो, आमच्या विभागातील कन्नड भाषक सिस्टर ‘हालु बिडिसोदु’ म्हणतात, ते तेच. शब्द गोड आहे खरा, पण त्याने डॉक्टरांच्या काही पिढ्यांची थोडी फसगतही केली. ती कशी, ते पुढे येईलच.

प्रथम थोडा इतिहास. आणि तो विद्यार्थ्यांचाच इतिहास असल्यामुळे कॉलेजच्या अंकात त्याला जागा मागायला संकोच नको. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात रोज नवे रुग्ण येत. त्यांतील अनेकांचे श्वसनाचे व गिळण्याचे स्नायू निकामी झालेले असत. त्या काळी श्वसनाला मदत म्हणजे ‘लोखंडी फुप्फुस’. १९२८ साली अमेरिकेत ड्रिंकर आणि शॉ यांनी प्रचारात आणलेली ही टाकी. रुग्णाचे डोके बाहेर, धड आत, आणि टाकीतील हवेचा दाब कमीजास्त करून छाती हलवायची. ब्लेगडॅमकडे अशी टाकी होती एक, आणि छातीवर बसवावयाची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. प्रमुख डॉक्टर लासेन यांनी मग ब्यर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाला बोलावले. इब्सेन यांचे म्हणणे असे, की शस्त्रक्रियेच्या टेबलावर आपण जे करतो तेच येथे करावे. गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा ढकलावी. २७ ऑगस्ट १९५२ रोजी १२ वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला आणि ती वाचली.

परंतु पिशवी दाबणार कोण? हे काम दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे करावयाचे. अखेर वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावण्यात आले. साथ ओसरेपर्यंत सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे काम केले. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण अशा हातांच्या श्वासावर जगत होते. ८७ टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तेथला.

पिशवी हातात धरणाऱ्याला एक गोष्ट यंत्राच्या पडद्याविना समजते. रुग्णाने स्वतः श्वास ओढण्याचा किंचित जरी प्रयत्न केला, तरी पिशवी हातात हलकी होते. भूलशास्त्राच्या आमच्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया संपताना ही खूण ओळखायला आम्ही अजूनही शिकवतो. यंत्र आले आणि हा हात पिशवीवरून निघाला. यंत्र थकत नाही, झोपत नाही, पाळी बदलत नाही. त्याला कंटाळा येत नाही म्हणून ‘आता हा माणूस स्वतः घेईल का’ असे ते आपणहून विचारतही नाही. ते विचारणे आपल्याकडे राहिले.

आता, घाई कशासाठी? यंत्र चालू आहे, रुग्ण स्थिर आहे, दोन दिवस जास्त ठेवले तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली उतरते, छातीत ओढ निर्माण होते आणि हवा आत येते. यंत्र ह्याच्या उलट, हवा दाबाने आत लोटते. श्वासपटलाला काम उरत नाही. हाडाला प्लास्टर घातले की महिन्याभरात पोटरी कशी वाळते ते सर्वांनी पाहिले आहे. श्वासपटल त्याहून फार लवकर वाळते. २००८ साली लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदू मृत झालेल्या १४ अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले. हे दाते १८ ते ६९ तास यंत्रावर, स्वतःचा एकही श्वास न घेता होते. स्नायुतंतूंची जाडी, म्हणजे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, निम्म्याहून कमी झालेले आढळले. तीन दिवसांच्या आतली ही गोष्ट! शिवाय नळीच्या वाटेने जंतू खाली उतरतात आणि न्यूमोनिया होतो. नळी सहन व्हावी म्हणून दिलेली झोपेची औषधे साठत जातात. आणि बाहेर दुसरा एखादा रुग्ण त्याच यंत्राची वाट पाहत असतो.

उलट बाजूही तितकीच खरी. नळी घाईने काढली आणि काही तासांत पुन्हा घालावी लागली, तर रुग्णाचे हाल दुप्पट होतात. ठरवून नळी काढलेल्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्क्यांवर ही पाळी येते, आणि ज्यांच्यावर येते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते. मूळ आजार जास्त म्हणून मृत्यू, की फसलेल्या प्रयत्नामुळे मृत्यू, हे वेगळे काढणे अवघड. पण दोन्हींचा वाटा असावा असे बहुतेक जाणकार मानतात. येथे एक जरा विपरीत वाटणारे विधान करतो. ज्या विभागात नळी पुन्हा घालण्याची वेळ कधीच येत नाही, त्या विभागाचे कौतुक करण्यापूर्वी विचार करावा. तेथे बहुधा रुग्णांना गरजेपेक्षा जास्त दिवस यंत्रावर ठेवले जात असते.

आता त्या ‘दूध तोडण्या’कडे वळू. मूल एका दिवसात तोडत नाहीत. हळूहळू वरचे अन्न वाढवतात, अंगावरचे कमी करतात. यंत्राच्या बाबतीतही डॉक्टरांनी हाच न्याय लावला. १९७० नंतर अशी यंत्रे आली, की मिनिटाला ठराविक श्वास यंत्र देई आणि मधले श्वास रुग्ण स्वतः घेई. मग आज बारा, उद्या दहा, परवा आठ, असे यंत्राचे श्वास कमी करीत जायचे. तर्कशुद्ध वाटणारी ही पद्धत वीस वर्षे सर्वत्र चालली. १९९४ साली फ्रान्समधील ब्रोशार आणि १९९५ साली स्पेनमधील एस्तेबान यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह वेगवेगळ्या पद्धती समोरासमोर ठेवून पाहिल्या. कोणती पद्धत सर्वांत चांगली ह्यावर त्यांचे एकमत झाले नाही. पण श्वासांची संख्या हळूहळू उतरवण्याची ती लाडकी पद्धत सर्वांत संथ ठरली, ह्यावर दोघांचेही एकमत झाले. एस्तेबान यांच्या पाहणीत तर दिवसातून एकदा रुग्णाला सरळ स्वतः श्वास घेऊ द्यावा आणि जमले तर नळी काढावी, ही साधी रीत तिच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट वेगवान ठरली.

ह्याचा अर्थ लक्षात घ्यावा. बहुसंख्य रुग्णांना ‘तोडावे’ लागतच नव्हते. ते अगोदरच तयार होते, आपण पाहिले नव्हते. ह्याला दुसराही पुरावा आहे, आणि तो रुग्णांनीच दिला आहे. गोंधळलेल्या अवस्थेत कित्येक रुग्ण स्वतःच्या हाताने नळी उपसून काढतात. धावाधाव होते, सिस्टरला बोलणी बसतात. पण त्यांतील पुष्कळांना, काही पाहण्यांत तर निम्म्याच्या आसपास लोकांना, नळी पुन्हा घालावी लागत नाही. १९९६ साली एली यांनी ३०० रुग्णांवर केलेला प्रयोग ह्या दृष्टीने मला सर्वांत बोधक वाटतो. निम्म्या रुग्णांची रोज सकाळी तपासणी, तयार असल्यास स्वतः श्वास घेण्याची चाचणी, आणि चाचणी उत्तीर्ण झाल्यास डॉक्टरांना तशी सूचना, एवढेच केले. यंत्राचे दिवस सहावरून साडेचारावर आले आणि उपद्रव ४१ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही.

हे रोजचे पाहणे कसे करावयाचे, ते एक उदाहरण घेऊन सांगतो. आपल्या भागातील अतिदक्षता विभागांत नेहमी येणारा रुग्ण घेऊ. समजा, खानापूरकडचा एक चाळिशीचा शेतकरी. पिकावर मारावयाचे औषध प्याला. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचे विष. आणला तेव्हा तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. नळी घातली, यंत्र लावले, अॅट्रोपिन चालू केले. आज चौथा दिवस.

पहिली गोष्ट, ज्या कारणाने यंत्र लावले ते कारण हटत आले आहे का? हे विचारायचे राहून आकड्यांकडे धावणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. कारण कायम असेल तर पुढचे आकडे कितीही चांगले असोत, थांबावे. आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत घरघर थांबली आहे, अॅट्रोपिन बरेच कमी झाले आहे. ठीक. मग प्राणवायू. धमनीतील रक्तात प्राणवायूचा दाब ९० मिलिमीटर आहे आणि यंत्रातून दिलेल्या हवेत प्राणवायू ४० टक्के आहे असे धरू. ९० ला ०.४ ने भागले की २२५ येतात. हा भागाकार १५० ते २०० च्या वर असावा. श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसांत राखलेला दाब, ज्याला ‘पीप’ म्हणतात, तो ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याइतका किंवा त्याहून कमी असावा. रक्तदाब टिकवायला औषध लागत नसावे, लागलेच तर अगदी थोडे. आणि रुग्ण स्वतः श्वास ओढीत असावा. हिमोग्लोबिन इतकेच हवे, ताप मुळीच नको, अशा अटी जुन्या पुस्तकांत सापडतात. त्यांच्यापायी माणसाला अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

उरली शुद्ध. येथे औषधांचा हिशेब आधी करावा लागतो. रुग्ण झोपलेला आहे तो आजाराने, की आपण ठेवलेल्या थेंबांनी? शिकागोचे क्रेस आणि सहकारी यांनी २००० साली दाखवून दिले, की झोपेची औषधे रोज एकदा थांबवून रुग्णाला जागा होऊ दिल्यास यंत्राचे दिवस ७.३ वरून ४.९ वर येतात. २००८ साली जिरार्ड यांनी सकाळचे हे जागे करणे आणि श्वासाची चाचणी ह्यांची जोडी लावली, तेव्हा फायदा आणखी स्पष्ट झाला. म्हणून राउंडची वेळ नऊची असेल तर औषध त्याआधीच बंद झालेले असावे. नऊ वाजता बंद करून नऊ वाजून पाच मिनिटांनी ‘रुग्ण हाक ओळखत नाही’ असे लिहू नये.

आणि हाक कोणत्या भाषेत मारली? हे वाचून काहींना हसू येईल, पण आपल्या सीमाभागात हा फार खरा प्रश्न आहे. निवासी डॉक्टर कधी दिल्लीकडचा, कधी केरळातला. तो हिंदीत किंवा इंग्रजीत ‘डोळे उघडा, हात दाबा’ म्हणतो. रुग्ण बैलहोंगलकडचा, त्याला कन्नडच कळते. किंवा खानापूरचा, त्याला मराठीच कळते. अर्धवट गुंगीत परकी भाषा तर आधी विरते. कागदावर ‘सूचना पाळत नाही’ असा शेरा पडतो आणि त्याचा एक दिवस वाया जातो. मी स्वतः पाहिले आहे, की झाडू मारणाऱ्या मावशींनी सहज ‘मामा, कण्णु तेगीरी’ म्हटले आणि सकाळपासून निपचित पडलेल्या माणसाने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिले. तेव्हापासून आमच्या तक्त्यात रुग्णाची भाषा कोणती हा रकाना आहे.

ह्यापुढे एक छोटे गणित येते, ज्याला परीक्षक फार मान देतात. रुग्ण मिनिटाला किती श्वास घेतो, त्या संख्येला एका श्वासात किती लिटर हवा घेतो त्याने भागावयाचे. ३० श्वास आणि दर श्वासाला ४०० मिलिलिटर, म्हणजे ३० भागिले ०.४, उत्तर ७५. ३६ श्वास आणि २५० मिलिलिटर, उत्तर १४४. थकलेला माणूस उथळ आणि भरभर श्वास घेतो, हे व्यवहारातील निरीक्षणच येथे आकड्यात बसवले आहे. यांग आणि टोबिन यांनी १९९१ साली १०५ ही सीमा सांगितली. वर असल्यास अपयश बहुधा निश्चित; खाली असल्यास यश संभवते, पण खात्री नाही. त्यांच्याच आकड्यांत, जे यशस्वी झाले त्यांतील ९७ टक्के ह्या सीमेखाली होते. पण जे अपयशी ठरले त्यांतीलही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सीमेखालीच होते. आणखी एक मेख आहे. हे मोजमाप यंत्राचा आधार काढून करावयाचे असते. यंत्राने थोडा जरी दाब मागून दिला, तरी श्वास खोल होतो, संख्या कमी होते आणि भागाकार फसवा सुंदर येतो. लहान चणीच्या स्त्रियांत तो मुळातच थोडा जास्त निघतो. २००६ च्या एका पाहणीत तर ह्या आकड्यावर निर्णय टांगल्यामुळे यंत्र सुटायला उलट उशीर झाला. तात्पर्य, आकडा पाहावा, वहीत लिहावा; त्याला फाटक करू नये.

खरी परीक्षा म्हणजे स्वश्वसनाची चाचणी. तिचे दोन प्रकार. एकात रुग्णाला यंत्रापासून सोडवून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या नळीला जोडतात. प्राणवायू मिळतो, पण दाब मुळीच नाही. दुसऱ्यात यंत्रालाच ठेवून आधार ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका उतरवतात. पूर्वी ही चाचणी दोन तास चाले. १९९९ साली एस्तेबान यांनी अर्ध्या तासाची आणि दोन तासांची चाचणी ताडून पाहिली, निकाल सारखेच निघाले. २०१९ साली स्पेनमध्येच सुबिरा आणि सहकारी यांनी थोड्या आधाराची अर्ध्या तासाची चाचणी आणि टी-नळीवरची दोन तासांची चाचणी यांची तुलना केली. पहिल्या पद्धतीत ८२ टक्के रुग्णांची नळी यशस्वीपणे निघाली, दुसरीत ७४ टक्के. कठीण परीक्षा अधिक विश्वसनीय, असा आपल्या शिक्षकांचा जो समज असतो, त्याला ह्याने थोडा धक्का बसतो. तरी ज्याचे हृदय कमजोर आहे त्याला मी टी-नळीवरच पाहतो. कारण लवकरच कळेल.

चाचणी चालू असताना डॉक्टरने खाटेजवळ उभे राहावे. पहिली पाचसात मिनिटे तरी हलू नये. काय पाहावयाचे? श्वास मिनिटाला ३५ च्या वर जाऊन तसाच राहणे, प्राणवायूची पातळी ९० टक्क्यांच्या खाली उतरणे, नाडी १४० च्या वर, वरचा रक्तदाब १८० च्या पुढे किंवा ९० च्या खाली, हे सारे पडद्यावर दिसते. न दिसणारे अधिक बोलके असते. कपाळावर घाम येतो. नाकपुड्या फुलतात. मानेचे स्नायू दोरीसारखे ताणतात. श्वास घेताना छाती वर आणि पोट आत, असा उलटा झोका सुरू झाला, की श्वासपटल थकले हे समजावे. आणि चेहरा. घाबरलेला चेहरा आणि दमलेला चेहरा ह्यांतला फरक पुस्तकातून शिकवता येत नाही, दहावीस रुग्णांजवळ उभे राहिल्यावर येतो. घाबरलेल्याचा हात धरून ‘मामा, आम्ही इथेच आहोत, सावकाश घ्या’ म्हटले की श्वास उतरतो. दमलेल्याचा उतरत नाही.

चाचणी फसली तर? यंत्र पुन्हा लावावे, रुग्णाला पुरती विश्रांती द्यावी, आणि त्याच दिवशी पुन्हा ओढाताण करू नये. मात्र ‘उद्या पाहू’ एवढेच लिहून मोकळे होऊ नये. का फसली, हे शोधावे. पोटॅशियम, फॉस्फेट उतरले आहे का, अंगात पाणी साठले आहे का, नळी कफाने अरुंद झाली आहे का? आणि हृदय! यंत्राचा दाब छातीत असतो तोवर हृदयाकडे परतणारे रक्त थोडे अडलेले असते आणि डाव्या कप्प्याला रक्त बाहेर ढकलायलाही त्या दाबाची मदतच होते. यंत्र काढताच परतणारे रक्त वाढते, मदत जाते, आणि स्वतः श्वास घेण्याचे कष्ट अधिक पडतात. कमजोर हृदय ह्या तिहेरी माऱ्याखाली वाकते, फुप्फुसांत पाणी उतरते. लमेर यांनी १९८८ साली हे मोजून दाखवले होते. असा रुग्ण वरकरणी ‘फुप्फुसाने’ नापास होतो, पण लघवी वाढवणारे औषध दिल्यावर तिसऱ्या दिवशी सुखाने उत्तीर्ण होतो. किंचित दाबाच्या आधारावर घेतलेल्या चाचणीत हे दुखणे झाकले जाते, म्हणून वर टी-नळीचा उल्लेख केला.

आता चाचणी उत्तीर्ण झाली असे समजू. म्हणजे नळी काढावी का? थांबा. यंत्र नको असणे आणि नळी नको असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मी एका रुग्णाकडून शिकलो. मी निवासी डॉक्टर होतो. रुग्णालय कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. न्यूमोनियाच्या एक वृद्ध बाई होत्या. आकडे इतके सुरेख, की मी दुपारीच नळी काढली आणि वरिष्ठांना अभिमानाने फोन केला. सिस्टर दोनदा म्हणाल्या होत्या, ‘डॉक्टर, यांना खोकला येत नाही हो. सक्शन तासातासाला लागतंय.’ मी ऐकले आणि सोडून दिले. रात्री दोन वाजता त्याच कफाने बाईंचा श्वास कोंडला. नळी पुन्हा घालताना माझे हात कापत होते. पुढे गळ्याला छिद्र करावे लागले. त्या घरी गेल्या, पण महिन्याने. त्या सिस्टरनी मला कधी बोलून दाखवले नाही, हे अधिक लागले.

तेव्हा, खोकला. नळीच्या तोंडापासून एकदोन सेंटिमीटरवर पांढरे कोरे कार्ड धरावे आणि रुग्णाला तीनचार वेळा खोकायला सांगावे. कार्ड ओले झाले तर बरे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांचे कार्ड कोरडे राहिले त्यांची नळी पुन्हा घालावी लागण्याचा संभव तिपटीने अधिक आढळला. खर्च शून्य. सक्शन दोन तासांच्या आत पुन्हा पुन्हा लागत असेल तर सावध व्हावे. ज्यांची नळी बरेच दिवस राहिली किंवा घालताना त्रास झाला, त्यांच्या स्वरयंत्राला सूज असू शकते. नळीभोवतीचा फुगा सोडून पाहावा. बाजूने हवा गळली तर वाट मोकळी. दर श्वासाला ही गळती सुमारे ११० मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर स्टेरॉइड देऊन निदान चार तास थांबावे.

आपल्या शेतकऱ्याबाबत आणखी एक खास दक्षता हवी. औषध प्यालेल्या रुग्णात पहिली घरघर ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत, मान, खांदे आणि श्वसनाचे स्नायू दुबळे होणारी एक अवस्था येते. श्रीलंकेतील सेनानायके आणि कारालियद्दे यांनी १९८७ साली तिचे वर्णन करून तिला ‘मधली अवस्था’ असे नाव दिले. रुग्ण शुद्धीवर असतो, आकडे बरे असतात, दुसऱ्या दिवशी नळी काढली जाते आणि तिसऱ्या रात्री श्वास बंद पडतो. हिची पहिली खूण मानेत दिसते. ‘मामा, उशीवरून मान उचला बघू, आणि तशीच धरा.’ पाच सेकंद धरता आली तर ठीक. उचलताच येत नसेल तर बाकी सारे उत्तम असूनही त्या दिवशी नळीला हात लावू नये.

मण्यार चावलेल्यांचा प्रकार जरा निराळा. त्यांची फुप्फुसे चांगली असतात, बिघाड नसेच्या टोकाशी असतो आणि तो भरून यायला दिवस लागतात. एकदा लकवा पुरता बसल्यावर प्रतिसर्पविषाने तो झटकन उलटत नाही. पापणी उघडत नाही, बोट हलत नाही; पण माणूस आत पूर्ण जागा असू शकतो. त्याच्या उशाशी ‘आता काही आशा नाही’ असे कोणी बोलू नये. तो ऐकत असतो, आणि चारपाच दिवसांनी मान उचलून उठून बसतो.

नळी काढल्यानंतरचे दोन दिवस तितकेच लक्ष लागते. उंच बसवावे, खोकायला लावावे. पासष्टीच्या वरचे, हृदयाचे किंवा जुन्या दम्याचे रुग्ण यांना नळी काढताच मुखवट्यातून दाबाचा श्वास काही काळ दिल्यास फायदा होतो. नाकातून जास्त वेगाने प्राणवायू देण्याची सोयही आता बऱ्याच ठिकाणी आली आहे. पण हा मुखवटा आधीपासून लावावा. श्वास फसल्यावर, नळी टाळण्यासाठी म्हणून लावला तर घात होतो. २००४ साली एस्तेबान यांच्याच पाहणीत अशा रुग्णांत मृत्यू अधिक आढळले, कारण नळी घालायला उशीर झाला. नळी पुन्हा घालावी लागणे ही डॉक्टरची नाचक्की नव्हे.

काहींना पहिल्या चाचणीत यश येते, काहींना दोनतीन चाचण्या किंवा आठवडा लागतो, आणि थोड्यांना त्याहूनही बराच अधिक काळ. ह्या शेवटच्या गटासाठी गळ्याचे छिद्र, व्यायाम, आहार यांचा स्वतंत्र विचार असतो. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

आपल्या शेतकऱ्याची मान पाचव्या दिवशी उचलली गेली, कार्ड ओले झाले, नळी निघाली असे समजू. घसा बसलेला असतो. पहिले मागणे बहुधा चहाचे असते. लगेच देऊ नये. इतके दिवस नळी राहिल्यावर गिळण्याची क्रिया काही काळ विसरल्यासारखी होते आणि चहा सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. आधी चमचाभर पाणी, बसवून, आपल्या डोळ्यांसमोर; ठसका लागला नाही तर आणखी एक. बाहेर बायको उभी असते, तिला तेवढ्या वेळात आत घ्यावे. आणि ज्या कारणाने त्याने ते औषध घेतले, त्याविषयी मनोविकारतज्ज्ञाने त्याच्याशी बोलेपर्यंत घरी जाण्याच्या कागदावर कोणी सही करू नये.